शेवटच्या अक्षरावर वजन

चाचांच्या क्लासात पहिले चार दिवस आम्ही एकच शब्द म्हटला. पापा.

इटालियनमध्येही बापाला पापाच म्हणतात, फक्त जोर दुसऱ्या अक्षरावर पडतो. आम्ही आपलं घरी म्हणतात तसं, पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हणायचो. लगेच चाचा हातातला चौदा नंबरचा पाना समोरच्या रिकाम्या फवारणी पंपाच्या टाकीवर आपटायचे. टाकी प्लास्टिकची, तिचा भद्द आवाज व्हायचा.

"वजन कुठं पडलं?"

"पहिल्यावर."

"मंग थो बाप नाई झाला. थो पोप झाला, रोमवाला. पुन्हा म्हन."

पुन्हा आम्ही एकेक करून पापा म्हणायचो. चौथ्या दिवशी आर्णीचेच दोघे भाऊ उठले. जाता जाता त्यातला मोठा म्हणाला, "चाचा, आम्हाले तिकडं जाऊन बुढ्यायची सेवा कराची हाय. बाप बदलाचा नाई." आम्ही हसलो. चाचा हसले नाहीत. ते दोघे जिना उतरेपर्यंत थांबले आणि मग माझ्याकडे पाना रोखून म्हणाले, "तू म्हन."

चाचा गेले त्याला आता वर्ष होईल. फवारणीचा हंगाम होता, दुकानात गर्दी होती. एका पंपाचा वॉशर बदलता बदलता त्यांनी खुर्चीतच मान टाकली. समोर बसलेल्या शेतकऱ्याला वाटलं, डुलकी लागली. तो पाच-दहा मिनिटं तसाच थांबला.

त्यांचं दुकान आर्णीच्या बसस्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. खाली पंप दुरुस्ती, वर एक खोली. खोलीत त्यांचा क्लास, आणि मागच्या बाजूला त्यांची मोठी विधवा बहीण राहायची. तिला सगळे आपा म्हणत. दुकानाच्या पाटीवर वरच्या ओळीत होतं, 'सर्व प्रकारचे फवारणी पंप दुरुस्त करून मिळतील'. त्याखाली त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'इटालियन भाषा. अक्षर तोडणे व वजन टाकणे'. नवा माणूस ती दुसरी ओळ दोनदा वाचायचा आणि मग पंप खाली ठेवायचा.

मी मूळची राळेगावची. नर्सिंगचा कोर्स करून आर्णीतल्या एका खासगी दवाखान्यात लागले होते. नागपूरच्या एका एजंटानं आमच्या दवाखान्यात येऊन सांगितलं होतं की इटलीत म्हातारी माणसं सांभाळायला नर्सेस लागतात; भाषेची तोंडी परीक्षा फोनवर होते, तेवढी पास करा. इटालियन येणारा माणूस आख्ख्या जिल्ह्यात कुठे असेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. तो आमच्या दवाखान्यापासून पाच मिनिटांवर पंप खोलत बसलेला होता.

चाचा तरुणपणी कुवेतमध्ये एका गॅरेजात होते. तिथल्या एका पंजाबी मित्राच्या ओळखीनं इटलीत गेले. आधी गाईंच्या गोठ्यावर काम केलं आणि मग म्हातारी माणसं सांभाळली, पंधरा वर्षं. लग्न केलं नाही. परत आले ते एक बॅग आणि ही अक्षरं तोडायची सवय घेऊन, असं आपा म्हणायची.

सवय म्हणजे खोड होती. त्यांच्या क्लासात शब्दांचे अर्थ शेवटी यायचे. "अर्थ मोबाईलात भेटते," ते म्हणायचे. "वजन नाई भेटत." आधी शब्द तोडायचा. फळ्यावर शब्द लिहून ते खडूनं उभ्या रेघा मारत जायचे. "जोडाक्षर दिसलं का मधातून चीर. मम्-मा. गत्-तो. पन स आला तं चिरू नोको. स आपल्या भावासंग राह्यते. पा-स्ता. फि-ने-स्त्रा." तोडून झालं की वजन. बोटानं टाकीवर हलकी टिचकी प्रत्येक अक्षराला, आणि ज्यावर जोर त्याला पाना. ओ-स्पे-दा-ले, दवाखाना, पाना तिसऱ्यावर. मे-दि-को, डॉक्टर, पाना पहिल्यावर. फार-मा-ची-आ, औषधाचं दुकान, पाना तिसऱ्यावर. खालून रस्त्यानं जाणाऱ्याला वाटायचं, वर कोणीतरी डफ शिकवतंय.

एकदा त्यांनी मला विचारलं, "तुह्यं गाव तोड."

"रा-ळे-गाव."

"वजन कुठं हाय?"

मी दोन-तीनदा म्हणून पाहिलं. "कुठंच नाही चाचा."

"हेच तं. आपल्याकडं सारे अक्षर सारखे. तिकडं दर शब्दात एक मालक, बाकीचे मजूर. मालक कोन हाय थे समजलं नाई तं शब्द तुह्या कामाचा नाई."

पंपाला आलेल्या शेतकऱ्यांनाही ते सोडत नसत. "चाचा, पंप कधी देता?" असं कोणी विचारलं की "दो-मा-नी" म्हणायचे. दोमानी म्हणजे उद्या. असं इतक्यांदा झालं की दाभडीकडचे काही शेतकरी त्यांना दोमानी चाचाच म्हणू लागले. त्यांना ते आवडत नसे, पण तो शब्द लोक बरोबर म्हणत, वजन मधल्या अक्षरावर टाकत, म्हणून ते काही बोलत नसत.

बारा वाजल्यानंतर ते दुधाचा चहा घेत नसत. तिकडची रीत होती म्हणे. दुपारी दूध म्हणजे पोटाला जड. स्वतः घेत नसत ते ठीक, पण आलेल्यालाही काळाच चहा द्यायचे. आपा आमच्यासमोर त्यांना बोलायची, "मेहमान को काली चाय पिलाता. शरम नहीं आती इसको." चाचा मान खाली घालून तो काळा, बिनसाखरेचा चहा घोट घोट प्यायचे.

गमतीदार माणूस वाटेल हे वाचून. पण गमतीचे नव्हते ते. क्लासात हसलेले मला आठवत नाहीत. काही दिवस पाना टाकीवर आडवा ठेवून म्हणायचे, "आज नाई," आणि खिडकीकडे तोंड करून बसायचे. आम्ही वही उचलून निघून जायचो. चुकलं की रागवायचे, आणि त्यांचा राग चुकीपेक्षा मोठा असायचा. त्यांचं एक बोलणं ठरलेलं होतं: "शब्द चुकला तं माफी हाय. वजन चुकलं तं माफी नाई." आम्हाला ते मास्तरकीचं बोलणं वाटायचं.

ते दोघे भाऊ क्लास सोडून गेल्यावर आम्ही चौघी उरलो होतो. त्यातली एक माझ्या खोलीवर राहायची, माझ्याच दवाखान्यात कामाला. तिचं माहेर राजूरचं, वणीकडच्या कोळशाच्या खाणीजवळचं, म्हणून तिला सगळे राजूरवालीच म्हणत. तिचे वडील खाणीत होते. त्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं ते गेले. ती पंधरा दिवस माहेरी राहून आली आणि त्यानंतर पाचव्या दिवशी क्लासला बसली. "खोलीत बसून काय करू," म्हणाली.

त्या दिवशी चाचांनी फोनवरच्या परीक्षेची वाक्यं घ्यायला काढली होती. पहिलं वाक्य होतं, 'माझ्या वडिलांची तब्येत बरी नाही'. मिओ पापा स्ता माले. आम्ही तिघींनी म्हटलं. राजूरवालीनं पहिल्या अक्षरावर जोर दिला. पाना आपटला. तिनं पुन्हा तसंच म्हटलं. तिसऱ्या वेळेला पाना इतक्या जोरात बसला की टाकीला चीर गेली.

"बाप हाय थो तुहा," चाचा ओरडले. "पोप नाई. बापाले बाप म्हनता येत नाई तुले?"

तिनं वही मिटली. आवाज अजिबात चढवला नाही.

"म्हनता येते, चाचा. पन मेला थो. वीस दिवस झाले. ज्याले म्हनाचं थो राह्यला नाई, आन् तुम्ही मले वजन शिकवून राह्यले."

ती जिना उतरून गेली.  चाचांनी मला विचारलं, "तुले मालूम होतं?"

"हो."

"मले काहून नाई सांगतलं?"

"तुम्ही विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात राजीनामा देऊन राजूरला निघून गेली. क्लास चार दिवस बंद राहिला. रविवारी सकाळी सात वाजता चाचा आमच्या खोलीच्या दारात उभे. इस्त्रीचा शर्ट, केस भिजवून बसवलेले. "राजूरले चाल," म्हणाले. "मी एकटा गेलो तं थे दार उघडनार नाई."

आर्णीहून यवतमाळ, यवतमाळहून वणी, असा एसटीचा प्रवास.  वणीच्या गाडीत आम्हाला मागची सीट मिळाली, आणि गाडी गावाबाहेर पडल्यावर त्यांनी बोलायला सुरुवात केली. मी विचारलं नव्हतं. खिडकीबाहेर बघत, कोणाला तरी जबाब द्यावा तसं ते सांगत गेले.

गोठ्यावरचं काम सुटल्यावर त्यांना एका म्हाताऱ्याकडे काम मिळालं. म्हातारा एकटा राहायचा. त्याची मुलगी होती, चाळीस मिनिटांवरच्या गावात, पण ती येत नसे. तिचा नंबर फ्रीजवर चिकटवलेला होता. चाचा तिला सिन्योरा म्हणायचे, म्हणजे आपल्या बाईसाहेबांसारखं. म्हातारा बोलायचा कमी. चाचांना तेव्हा भाषा येत नव्हती, म्हणून दोघांचं जमलं. आठ महिने असे गेले.

एका सकाळी म्हातारा उठलाच नाही. श्वास घरघरत होता. चाचांनी डॉक्टरला फोन केला. डॉक्टर आला, तपासलं, आणि जाताना म्हणाला, संध्याकाळ निघणं कठीण आहे, घरच्यांना बोलवा.

"मी तिले फोन केला," चाचा म्हणाले. "मले तितलंच येत होतं. म्हनलं, सिन्योरा, पापा माले. मोल्तो माले. बापाची तबियत खराब हाय, लय खराब हाय. मनात तं तेच होतं माह्या. पन बोललो आपल्यासारखं. वजन पहिल्यावर."

"मग?"

"त्या दिवसात तिकडचा पोप बी बिमार होता. टीव्हीवर दिवसभर तेच चालू. तिनं म्हनलं, हो, मले मालूम हाय, मी टीव्हीवर पाह्यलं. आपन दुआ करू. आन् फोन ठेवला."

गाडी एका फाट्यावर थांबली. दोन बाया टोपल्या घेऊन चढल्या. चाचांनी त्यांना जागा करून दिली आणि पुन्हा बोलायला लागले, आवाज जरा खाली घेऊन.

"मी समजलो, मालूम हाय म्हनते मंजे येते. बुढा मधात शुद्धीवर आला. विचारे, आली का? मी म्हनलं, येऊन राह्यली. अर्ध्या घंट्यानं पुन्हा, आली का? येऊन राह्यली. दुपारी मी आनखी एकदा फोन लावला. कोनी उचललाच नाई. मी समजलो, रस्त्यात असन. चार वाजता गेला थो. दाराकडं पाहत गेला."

ती दुसऱ्या दिवशी आली. दारात उभी राहून तिनं चाचांना विचारलं, "तू मला का नाही सांगितलंस?" चाचा म्हणाले, सांगितलं होतं. ती म्हणाली, "तू पोप म्हणालास." मातीच्या दिवशी जो कोणी भेटायला यायचा त्याला ती हेच सांगत होती: हा परदेशी माणूस, ह्याला बोलता येत नाही, पोप म्हणाला, मी काय समजणार. लोक माना हलवत होते, चाचांकडे बघत होते. कोणी वाईट बोललं नाही. एक बाई तर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून गेली.

"त्याच रात्री मी वही घेतली," चाचा म्हणाले. "एकेक शब्द तोडाले बसलो. तवापासून तोडूनच राह्यलो."

राजूरला दुपारी दोनला पोचलो. घराच्या खिडकीच्या गजांवर कोळशाची काळी पूड बसलेली होती. राजूरवालीनं दार उघडलं. मला पाहून ती हसली, आणि मागे चाचांना पाहून बाजूला झाली. तिची आई चहा घेऊन आली, दुधाचा, साखर भरपूर. चाचांनी तो सगळा प्यायला.

मग ते तिला म्हणाले, "बेटा, मी चुकलो."

तिनं मान हलवली. "राग नाई चाचा. पन मी आता येत नाई. मायले एकटं टाकून कोन्या देशातल्या बुढीले जपाले जाऊ? इथंच पाहीन काही."

 निघताना चाचा तिच्या वडिलांच्या फोटोसमोर थोडा वेळ उभे राहिले.  त्यानंतरच्या क्लासात पाना दिसला नाही. ते बोटानंच वाजवायचे.

मी परीक्षा पास झाले. निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला एक जुना लिफाफा दिला. त्यावर निळ्या शाईत सिन्योराचा पत्ता होता.

"जित्ती असन तं भेटजो. सांगजो का त्यानं टायमावर फोन केला होता. तोंडातून पोप निघाला, पन मनात बाप होता. मले हे सांगता आलं नाई. तवा भाषा नोती, आन् भाषा आली तवा तोंड नोतं."

आपा आतून सगळं ऐकत होती. मी निघाले तेव्हा तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मिल के आ," म्हणाली. "इसको नींद नहीं आती."

मला जिथे काम मिळालं तिथून सिन्योराचं गाव रेल्वेनं दोन तासांवर होतं. जायला मला सात महिने लागले. सुट्टी मिळत नव्हती हे खरं, पण भीतीही होती. पत्त्यावरचं घर तेच निघालं. सिन्योरा सत्तरीच्या पुढची, उंच, काठी घेऊन चालणारी. तिनं दार उघडलं आणि मी चाचांचं नाव सांगितलं. तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली. मग आत ये म्हणाली.

मी वाक्यं घोकून गेले होते. अक्षर न् अक्षर तोडून, वजन जागच्या जागी टाकून मी ती म्हटली. त्यानं वेळेवर फोन केला होता. त्याला बाप म्हणायचं होतं. त्याचा उच्चार चुकला. तो अजून त्याचं दुःख करतो.

तिनं ऐकून घेतलं. काठी खुर्चीला टेकवली. मग मला समजावं म्हणून सावकाश बोलायला लागली.

"मला समजलं होतं," ती म्हणाली. "तेव्हाच. फोनवरच. ज्या माणसाकडे माझा बाप आहे, तो मला सकाळी फोन करून पोपची तब्येत कशाला सांगेल?"

मला वाटलं, माझीच ऐकण्यात चूक होतेय. मी तिला पुन्हा सांगायला लावलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं.

बापाशी ती अकरा वर्षं बोलत नव्हती. आईच्या शेवटच्या आजारात बाप जसा वागला ते ती विसरू शकत नव्हती. फोन आला तेव्हा समोर टीव्ही चालू होता, तोंडातून टीव्हीवरच्या पोपचंच निघून गेलं. फोन ठेवल्यावर तिनं कोट घातला. गाडीची किल्ली घेतली. दाराशी तशीच उभी राहिली, किती वेळ ते तिला सांगता येत नव्हतं. मग कोट काढला. उद्या जाऊ म्हणाली. दुपारी पुन्हा फोन वाजला, तोही तिनं ऐकला. वाजू दिला.

"नंतर सगळे विचारायला लागले, तू का नाही आलीस. पोपचं सांगणं सोपं होतं. लगेच पटायचं सगळ्यांना. तो परदेशी होता."

मी विचारलं, त्याला कधी कळवावंसं नाही वाटलं?

"वाटलं," ती म्हणाली. "पहिल्या वर्षी वाटलं."

मी निघाले तेव्हा ती आत जाऊन कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. दाढीचा ब्रश होता, पांढऱ्या मुठीचा, जुना. "माझ्या वडिलांचा," म्हणाली. "तो रोज सकाळी त्यांची दाढी करायचा. त्याला दे."

आठ दिवस मी विचार केला, चाचांना सांगावं की नाही. माझ्या मनानं एकच घेतलं होतं: निरपराध माणूस शिक्षा भोगतोय, त्याला सुटका कळलीच पाहिजे. रविवारी फोन लावला आणि सगळं सांगितलं.  

"चाचा?"

"तू बरोबर आयकलं ना?" ते म्हणाले. "तुह्यं आयकनं अजून कच्चं हाय."

"दोनदा सांगायला लावलं तिला."

"कोट घातला होता म्हने?"

"हो."

"आन् दुसरा फोन बी आयकला होता."

"हो चाचा. तुमची चूक नव्हती."

 मग म्हणाले, "बरं. जेवली का तू?" आणि फोन ठेवला.

महिनाभरानं आपाचा फोन आला. क्लास बंद केला म्हणाली. पाटीवरची खालची ओळ त्यानं स्वतःच पुसून टाकली. पोरी शिकायला आल्या तर म्हणतो, येत नाही मला. खाली बसतो, पंप खोलतो, वर येऊन झोपतो. "अब सोता है," आपा म्हणाली. "बहुत सोता है. उठता ही नहीं." तिला ते चांगलं वाटत होतं की वाईट, ते तिच्या आवाजावरून मला कळलं नाही. मला मात्र वाईट वाटलं. मी त्यांच्यावरचं ओझं काढायला गेले होते. त्या ओझ्याखेरीज त्या माणसाजवळ दुसरं काय होतं, हा विचार मी केला नव्हता.

पुढल्या उन्हाळ्यात मी महिन्याच्या सुट्टीवर आले. राळेगावला दोन दिवस काढून आर्णीला गेले. चाचा दुकानात होते. वाळले होते. मला पाहून उठले, स्टूल पुसून दिलं, समोरच्या टपरीवरून चहा मागवला. तिकडच्या थंडीचं विचारलं, माझ्याकडच्या म्हातारीचं विचारलं. इटालियनमधला एक शब्द त्यांनी काढला नाही.

गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाले, "इथं कोनाले सांगतलं का तू? थे सिन्योराचं?"

"नाही."

"सांगू नोको. राजूरवालीले बी नाई. मले चुकलेलाच राहू दे. बुढी झाली असन थे आता. तिले कायले उघडं पाडाचं."

मी हो म्हटलं. मग पर्समधून तो कागदात गुंडाळलेला ब्रश काढला आणि त्यांना दिला. कोणी दिला, काय म्हणून दिला, ते सांगितलं. त्यांनी हात फडक्याला पुसले. कागद उघडला. ब्रशच्या केसांवरून अंगठा फिरवला, मूठ उजेडात धरून उलटसुलट पाहिली.

"हा त्याचा नाई," ते म्हणाले.

"सिन्योरा म्हणाली, वडिलांचाच आहे."

"त्याचा लाकडी होता. खालून चिरला होता, मी दोरा गुंडाळला होता त्याले. आठ महिने रोज सकाळी माह्या हातात होता थो." त्यांनी ब्रश पुन्हा कागदात गुंडाळला, घड्या होत्या तशाच जुळवून, आणि नोझल-वॉशरच्या खणाच्या वरच्या कप्प्यात ठेवला. "तिले मालूम नसन. पाहाले कधी आलीच नाई थे."

खाली बसून त्यांनी पुढचा पंप ओढला. झाकण फिरवता फिरवता म्हणाले, "तिले सांगजो, भेटला म्हना. लगेच ओळखला म्हना."

तिकडे परतल्यावर मी सिन्योराला फोन करून तसंच सांगितलं. तिला फार बरं वाटलं.